तफावत वाटून दिली

शेताच्या कडेनं मोजत निघायचं. खुंटीपासून खुंटीपर्यंत, बाजूमागून बाजू, आणि फिरून पहिल्या खुंटीशी यायचं. आकडा कधीच जुळत नाही. जमीन तीच, खुंटी तीच, यंत्र नुकतंच तपासून आणलेलं. तरी वीतभर, बोटभर काहीतरी जास्त भरतंच. याला तफावत म्हणतात. तिला घाबरायचं नसतं. ती सगळ्या बाजूंवर थोडी थोडी वाटून द्यायची, म्हणजे कोणालाच जड होत नाही.

*

एक माणूस होता. दुकान बंद करताना सगळे बाहेर पडले, की दार ओढायच्या आधी तो पापणी लवेल इतकं थांबायचा. बायको म्हणायची, “आत काय राहिलं?” तो म्हणायचा, “कुठं काय?” आणि दार ओढायचा.

*

डोंगराच्या पोटातल्या एका गावात पूर्वी माणसं उंबऱ्यावर मोजत. घरच्या कर्त्याला विचारून लिहायचं नाही, असा मोजणाऱ्याचा दंडकच होता. कर्ता तान्ही पोरं विसरतो, रुसलेला भाऊ मुद्दाम गाळतो. म्हणून सगळ्यांना आत बसवायचं आणि एकेकाला बाहेर सोडायचं. बाहेर पडणाऱ्यानं वाडग्यात एक खडा टाकायचा.

*

ट्रकवाला खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला. त्याच्या चाकांपुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. घाबरलेली नव्हती. मान वळवून मागं बघत होती, पाठीमागून कोणी रमतगमत येत असावं आणि त्याला ‘चल की लवकर’ म्हणावं, तशी.

*

त्या मुलीचं लाडाचं नाव चिमी. तिची आई जमीन मोजायच्या खात्यात होती आणि खात्यातच नव्हे, बिऱ्हाडाच्या जिन्यातही सगळे तिला मोजणीवाली म्हणत. बाई नाकासमोर चालणारी. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा भांडण न करता सामानाची वाटणी करून मोकळी झाली, आणि आपल्या आईला व मुलीला घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. हाताखालच्या माणसांना ती एकाच गोष्टीवरून फाडून खायची. कंटाळा आला की काहीजण सगळीच्या सगळी तफावत शेवटच्या एका बाजूवर ढकलून घरी जात. मोजणीवाली तो कागद त्यांच्यादेखत फाडायची.

“बेरीज जुळते, मान्य,” ती म्हणायची. “पण मग ती एक बाजू जगात कुठंच सापडत नाही. शोधा जाऊन.”

चिमीचं दुखणं सांगायला सोपं होतं. ती दारात थांबायची. उन्हाळ्याच्या तोंडाला हे सुरू झालं. दार उघडून आत यायची, पण दार सोडायची नाही. एक हात दारावर, मान मागं. आधी कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग शाळेतून चिठ्ठी आली, की मुलगी वर्गाच्या दारात खोळंबते, मागच्यांना वाट मिळत नाही. मग एकदा दूध उतू जाऊन करपलं तरी ती दारातच. मग रस्ता ओलांडताना, ऐन मध्यावर.

“कोणासाठी थांबतेस गं?” मोजणीवालीनं विचारलं.

“थांबते कुठं? मी आत्ता तर आले.”

“आजीच्या दोन हाका झाल्या तुला.”

“एकच झाली,” चिमी म्हणाली, आणि तिच्या तोंडावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. आई तेव्हा पहिल्यांदा घाबरली.

डॉक्टरांनी मेंदूच्या तपासण्या केल्या, कागद दिव्यासमोर धरून पाहिले. “इथं काही नाही,” ते म्हणाले. “पण असले झटके पुष्कळदा घराण्यातून येतात. तुमच्या माहेरी, सासरी कोणाला असं व्हायचं?”

या खेपेला सोबत आलेल्या आजीनं तोंड उघडलं. “माझ्या नवऱ्याला, हिच्या बापाला, दारात थांबायची खोड होती.”

“खोड नको, आजी. आजार सांगा.”

“मग ठाऊक नाही. गाव सोडून आला तो माणूस, परत वळला म्हणून नाही. लग्नाला त्याच्याकडून एक चुलतभाऊ आला, जेवला आणि गेला.”

“निदान जेवला तरी,” मोजणीवाली म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. “नावं, वयं, कोण कशानं गेलं. दोन-चार पिढ्यांचं मिळालं तर औषध नेमकं ठरवता येईल. जन्ममृत्यूच्या नोंदी गावात असतीलच. आणि तोवर हिला रस्त्यावर एकटी सोडू नका. पुढचा ट्रकवाला इतका चपळ असेलच, असं नाही.”

*

गाव म्हणजे एक चढाचा रस्ता. खाली बसचा थांबा, मध्ये कचेरी, वर घरं, त्याच्याही वर दगडाची जुनी खाण. मोजणीवालीचे पूर्वज त्या खाणीत दगड फोडायचे, एवढं तिला ठाऊक होतं.

कचेरीच्या मागच्या खोलीत डिंकाचा आणि ओल्या चुन्याचा वास होता. दप्तर सांभाळणारी बाई गळ्यापर्यंत शाल गुंडाळून बसली होती. तिचं नाक सर्दीनं लाल झालं होतं.

“पूर्वज शोधायला आलात? या, बसा. जिवंत माणसं या खोलीत यायला कुरकुर करतात. मेलेली मात्र झाडून हजर आहेत.” तिनं फडताळाच्या खालच्या कप्प्यातून चोपड्या ओढल्या. “पानं सावकाश उलटा. आणि काही चुकलेलं दिसलं तर नोंदीखाली दुरुस्ती लिहून सही करायची. रक्ताच्या वारसाला मुभा आहे. बहुतेक लोक येतात आणि आजीचं वय कमी करून जातात.”

मोजणीवालीनं चष्मा पुसला, कोरा कागद काढला आणि कामाला लागली. कामात ती सुखी असायची. वडील सापडले, त्यांचे वडील सापडले, त्यांचं सात भावंडांचं लेंढार सापडलं. कोणी तापानं गेलं होतं, कोणी खाणीत दगड पडून, कोणी बाळंतपणात, पुष्कळसे म्हातारपणानं. झटका नाही, फेफरं नाही, वेड नाही. इतकं निरोगी घराणं तिनं पाहिलं नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. औषध कशावरून ठरवणार?

सवयीनं तिनं ताळा घेतला. जन्म मांडले, मृत्यू वजा केले, आणि दर मोजणीच्या वेळी घरात किती माणसं निघायला हवीत ते काढून चोपडीशी लावून पाहिलं. सगळं जुळलं. फक्त सर्वांत जुन्या मोजणीत एक ओळ जास्त होती. अक्षर बारीक, दाबून लिहिलेलं, जमिनीच्या नकाशावर असतं तसं सरळ.

*बाहेर आले दहा. नावं नऊ. आत बसवून पुन्हा मोजले. बाहेर आले दहा. तफावत वाटून दिली.*

मोजणीवाली मोठ्यानं हसली. “हा तर आमच्याच खात्यातला दिसतोय.”

“असेल. तेव्हा जमीन आणि माणसं एकच जण मोजायचा म्हणे. दोन पगार कोण देणार?”

“पण माणूस कसा वाटून देणार?”

“ते तुम्ही सांगा, मॅडम. तुमचं खातं.” दप्तरवालीनं नाक पुसलं. मग चोपडीकडे न पाहता म्हणाली, “वरच्या अंगाला शेवटचं घर याच घराण्याचं. तिथं एक म्हातारी असते. तिचा नवरा उन्हाळ्याच्या तोंडाला गेला. दारातच.” ती पुढं काही बोलणार होती, पण शिंक आली, शिंक गेल्यावर तिनं विषय काढला नाही.

*

शेवटच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, दाराचा आडणा अडकवायची खाच होती. दार अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि त्यावर कपडे वाळत होते.

“काढून टाकलं,” म्हातारी आतून म्हणाली. “दार असलं की ते धरायला माणूस लागतो. ये आत. तू दुकानवाल्याची मुलगी ना? हनुवटी तीच आहे. मी तुझी काकू लागते. चहा टाकते.”

मोजणीवाली आत आली, स्टुलावर बसली. काकूनं तिच्यापुढं सरकवलेल्या कपातल्या चहावर जाड साय धरली होती. थंडगार चहा. घरात पाहुणा आल्यावर असा चहा देतात का, असं तिच्या मनात आलं, पण तोंडावर येऊ दिलं नाही.

तिनं चिमीचं सांगितलं. काकू ऐकत राहिली. मधेच तिनं मोजणीवालीचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

“मी या घरात लग्न होऊन आले,” काकू म्हणाली, “तेव्हा मला फार अप्रूप वाटायचं. ज्याच्या मागून चालावं तो दारात थांबतोय, दार धरतोय. म्हटलं, काय मान देतात हो सुनेला! मी आपली ऐटीत आत जायची. मग एकदा लक्षात आलं. मी आत गेल्यावरही ते थांबत होते.”

“कोणासाठी?”

“विचारलं तर रागवायचे नाहीत. नुसते गोंधळायचे. आणि काय, घर भरलेलं होतं तेव्हा, वीसेक माणसं. पापणी लवेल इतकंच थांबायची सगळी. कोणाच्या डोळ्यावर येणार? मग माणसं पांगली, मेली. जसजशी कमी झाली, तसतशी उरलेली जास्त जास्त थांबायला लागली. तुझा बाप गेला ना, त्या आठवड्यापासून आमचे हे एवढा एवढा वेळ उभे. शेवटी शेवटी तर मी दारातच भरवायची. उभ्यानं. आणि एक सकाळ अशी आली, की ते जरा बाजूला सरकले, कोणाला वाट द्यावी तसे. हसले. आणि तिथंच बसले ते बसलेच.”

“आजार असेल,” मोजणीवाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच पटला नाही.

“असेल. मी बाहेरून आलेली, मला नाही झाला. तुझ्या आईला झालाय?”

“नाही.”

“तुला?”

“नाही.”

काकूनं तिच्याकडे फार मायेनं पाहिलं.

“पोरी, तू आलीस तेव्हा हे ऊन तुझ्या पायाशी होतं,” ती म्हणाली. “चौकटीत उभी होतीस. हाका मारल्या, खांद्याला धरून हलवलं. मग मी हात टेकले आणि समोर बसून राहिले. तो चहा मी तेव्हाच केलेला.”

मोजणीवालीनं मान वळवली. चौकटीतून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर पार छपराजवळ चढलं होतं, आणि मावळतीचं झालं होतं.

*

अंगणातल्या काढून ठेवलेल्या दाराला टेकून तिनं पेन्सिल काढली. डोकं ठिकाणावर ठेवायचा तिला हा एकच उपाय ठाऊक होता.

वीस माणसं होती तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एका माणसाचा विसावा हिस्सा. म्हणजे पापणी लवेल इतकं.

दहा, तेव्हा दहावा.

वडील होते तेव्हा चार राहिले होते: वडील, काकूचा नवरा, ती, आणि नुकतीच जन्मलेली चिमी. तेव्हा तिनं वडिलांना दुकानाच्या दारात सोडून कोपऱ्यापर्यंत जावं, वळून पाहावं, तर ते तिथंच. तिला वाटायचं, वय झालं.

वडील गेले. तीन.

उन्हाळ्याच्या तोंडाला काकूचा नवरा गेला. दोन.

ती आणि चिमी. अर्धा, अर्धा.

आणि आपण गेलो की?

पुढचा आकडा तिनं लिहिला नाही. लिहायला लागतो कशाला तो.

“त्या दहांतलं जास्तीचं कोण होतं?” तिनं चौकटीकडे वळून विचारलं. “काही बोलायचे का घरात?”

“मोजणाऱ्यानंही तेच विचारलं म्हणे. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. प्रत्येक आईनं प्रत्येक पोर ओळखलं. प्रत्येक भावानं प्रत्येक भाऊ. नाव पुकारलं की कोणीतरी ‘हो’ म्हणायचं, आणि नावं संपली तरी मागं कोणी उरायचं नाही. खडे मात्र दहा.” काकूनं कपातला गार चहा अंगणात ओतला. “आणि स्वतःहून कोण पुढं येणार? जास्तीच्या माणसाला थोडंच ठाऊक असतं, आपण जास्तीचे आहोत म्हणून?”

मोजणीवालीनं घरी फोन लावला.

“चिमी कशी आहे?”

“स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे,” आजी म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. “तू गेलीस तेव्हापासून. पाणी पाजलं चमच्यानं. ओढलं तर येत नाही. हसते गं मधेच. जरा बाजूला सरकल्यासारखं करते आणि हसते.”

“सरकू देऊ नकोस.”

“काय?”

“धरून ठेव तिला. घट्ट धर. मी येतेय.”

*

दप्तरवाली कुलूप शोधत होती. “अगंबाई, पुन्हा? सापडली नाही का म्हातारी?”

“एक दुरुस्ती राहिलीय.”

“आजीचं वय?” तिनं मोजणीवालीचा चेहरा पाहिला आणि मस्करी आवरली. “बसा. मी चहा सांगून येते. तुमचे ओठ पांढरे पडलेत.”

ती बाहेर गेली.

चोपडी फडताळात परत गेली नव्हती. मोजणीवालीनं ते पान उघडलं. आपण हे काय करतोय, हे तिला स्वच्छ कळत होतं. उद्या डॉक्टरांना सांगायची लाज वाटेल, इतकं स्वच्छ. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी हाताशी होती, नियमात बसणारी होती.

तफावत पुसता येत नाही. हे ती नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगायची. जास्त भरलं ते भरलं. ते कुठंतरी ठेवावंच लागतं.

फक्त कुठं ठेवायचं, ते मोजणारा ठरवतो.

तिनं पेनाचं टोपण काढलं. जन्मभर जे कागद तिनं फाडले होते, ते सगळे एकदम डोळ्यांपुढं आले.

दाबून, सरळ अक्षरात तिनं लिहिलं: *सर्व तफावत एका बाजूवर घेतली.*

खाली आपलं नाव.

सही.

काही झालं नाही.

बाहेर अंगणात कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. शाई वाळली.

दप्तरवाली दोन कप घेऊन आली. एक तिनं स्वतःपुढं ठेवला. दुसऱ्याकडे बघत उभी राहिली.

“दोन कशाला आणले मी?” ती म्हणाली.

“मला सांगितला होता ना?” मोजणीवाली म्हणाली.

दप्तरवालीनं शाल सारखी केली. सर्दीनं डोकंच चालत नाही, असं काहीसं पुटपुटली. दुसरा कप खिडकीतल्या कुंडीत ओतला, चोपडी मिटून फडताळात टाकली आणि दिवा घालवला.

*

बसच्या थांब्यावरून तिनं पुन्हा फोन लावला.

“हॅलो,” आजी म्हणाली. “हॅलो? कोण आहे?”

“आई, मी. चिमी?”

“हॅलो? बोलत का नाही कोणी?” मग फोन तोंडापासून दूर नेऊन, “चिमे, ते दार लाव गं, पाली येतात!”

आणि लगेच, ताबडतोब, धाडकन दार लागल्याचा आवाज.

मोजणीवाली थांब्याच्या बाकावर बसली आणि तोंडावर हात दाबून रडली. लाइन खराब असणार. डोंगरात असं होतंच. होऊ दे. तो धाडकन आवाज ती मनात पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. इतका गोड आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

बसमध्ये कंडक्टर तिकिटं देत तिच्या बाकापर्यंत आला आणि मागच्या बाकाकडे गेला. एका प्रवाशानं आपली पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती उचलून खाली ठेवली. त्यानं पिशवीकडे पाहिलं, पुन्हा उचलली, आणि या वेळी दुसऱ्या बाकावर ठेवली. अलीकडची माणसं, ती मनात म्हणाली. सौजन्य म्हणून राहिलं नाही.

घराच्या रस्त्याला लागली तेव्हा समोरच्या फुटपाथवर चिमी आणि आजी उभ्या होत्या. आजीच्या हातात पाव होता. चिमीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

आईनं श्वास धरला.

चिमी आजीचा हात धरून सरळ निघाली आणि रस्ता ओलांडून आली. मध्ये थांबली नाही. मागं पाहिलं नाही.

“चिमे,” मोजणीवालीनं हाक मारली.

त्या दोघी तिच्या शेजारून गेल्या. चिमी आजीला शाळेतल्या कोणाचीतरी नक्कल करून दाखवत होती आणि आजी म्हणत होती, “वाह्यात कुठली.” कितीतरी दिवसांनी ती असं म्हणत होती. मोजणीवाली त्यांच्या मागोमाग जिना चढली. पहिला मजला, दुसरा. चिमीच्या वेणीची रिबन सुटली होती. ती बांधायला तिनं हात पुढं केला, तेवढ्यात तिसरा मजला आला.

आजी आत गेली. चिमी आत गेली.

दार लागलं.

लगेच. सरळ. तिच्या बोटांपासून तसूभर अंतरावर.

ती हसली. खरंच हसली. बरी झाली माझी मुलगी, तिनं त्या दाराला सांगितलं.

आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले.

“ताटं घे गं,” आजी म्हणाली.

“किती?”

आत एक ताट ओट्यावर वाजलं.

“किती म्हणजे? दोन. आणखी कोण आहे?”

“हो की,” चिमी म्हणाली.

मोजणीवालीच्या पर्समध्ये किल्ली होती. हात वर केला असता तर घंटा होती. पण ती तशीच उभी राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं. फक्त कोणीतरी आतून दार उघडावं, ते उघडून क्षणभर धरावं, तिला वाट द्यावी, तेवढंच हवं होतं. तिच्या घराण्यातली माणसं ते करत आली होती. आता त्यांतलं कोणी उरलं नव्हतं, फक्त चिमी होती. आणि चिमीला ते करायची आता गरज नव्हती.

जिन्यातला दिवा कोणीतरी खालून बंद केला.

*

गावाला जायच्या कितीतरी आधी, ट्रकच्या प्रसंगानंतर मायलेकी दवाखान्यात पहिल्यांदा गेल्या तेव्हा आजी सोबत नव्हती. माशांच्या पेटीसमोर हिरवं बाकडं होतं, चिमी खिडकीच्या बाजूला बसली होती आणि आई तिच्या शेजारी, पर्स मांडीवर घेऊन. नर्स बाहेर आली, चिमीपुढं वाकली आणि म्हणाली, “बाळ, तू एकटीच आलीस का?”